९०० लिटर पाणी, एक टाकी आणि एक झेंडा

वॉटर मेझ, म्हणजे उंदरांना पोहायला लावून त्यांची आठवण तपासायची टाकी, चार वर्षं वापरून झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. दर वर्षी मार्च उजाडला की कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून फोन येतो, "मॅडम, तुमच्याकडे वॉटर मेझ आहे ना? कसं आहे? आम्ही घेऊ का?" मार्चच का, तर ग्रँट ३१ तारखेच्या आत संपवायची असते आणि कोटेशनं टेबलावर पडून असतात. प्रत्येकाला तासभर तेच सांगून माझा घसा बसायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या या टाक्या साधारण सख्ख्या बहिणी आहेत, एकीची खोड ती दुसरीचीही असते. शिवाय मला वकिलाची नोटीस नको आहे.

खोक्यांतून आलं ते असं. फायबरची गोल टाकी, व्यास १८० सेंमी, उंची ६० सेंमी. खाली लोखंडी स्टँड, त्याला चाकं. १० सेंमी व्यासाचा ॲक्रिलिकचा गोल प्लॅटफॉर्म, पोकळ नळीवर बसवलेला. छताला लावायचा कॅमेरा. उंदराचा माग काढणारं ट्रॅकिंग सॉफ्टवेअर, डोंगल (संगणकाला लावायची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारं. एक थर्मामीटर. आणि एका पिशवीत, मॅन्युअलबरोबर, काडीला चिकटवलेला प्लास्टिकचा बोटभर झेंडा. टाकी, स्टँड, प्लॅटफॉर्म मिळून ८५ हजार, कॅमेरा आणि सॉफ्टवेअरचे २ लाख १० हजार, जीएसटी वेगळा. झेंड्याची वेगळी किंमत बिलात नव्हती. ती असायला हवी होती, का ते पुढे येईलच.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नावात मेझ असलं तरी यात भिंती नाहीत, बोळ नाहीत. नुसतं गोल पाणी. प्लॅटफॉर्म पाण्याच्या एक-दोन सेंमी खाली लपवलेला. उंदीर उत्तम पोहतो, पण पोहणं त्याला आवडत नाही. पाय टेकायला जागा मिळाली की तो तिथे चढून बसतो. रोज चार वेळा, दर वेळी वेगळ्या काठावरून त्याला पाण्यात सोडायचं. जागा दिसत नाही, म्हणून ती लक्षात ठेवायची तर खोलीतल्या वस्तूंवरून: दार इकडे, कपाट तिकडे, तक्ता समोर, मग ठिकाण साधारण इथे. पहिल्या दिवशी मिनिट-मिनिट गरगरणारा धडधाकट उंदीर पाचव्या दिवशी दहा सेकंदांच्या आत सरळ रेघ मारून पोचतो. सहाव्या दिवशी प्लॅटफॉर्मच काढून घ्यायचा आणि मिनिटभर नुसतं बघायचं. टाकीचे मनातल्या मनात चार चतकोर केले तर शिकलेला उंदीर ज्या चतकोरात प्लॅटफॉर्म होता तिथेच घिरट्या घालतो. "इथंच तर होतं की," असा त्याचा चेहरा असतो. असं मला वाटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे मी ते बोलत नाही.

ही टाकी मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात बसवली, पहिला लेख १९८१ चा. पुढच्याच वर्षी जॉन ओकीफ वगैरे मंडळींबरोबर त्यांनी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग काढलेल्या उंदरांना त्यात सोडलं. पोहायला ते उंदीर कमी नव्हते. पण लपलेली जागा त्यांना सापडेना, आणि प्लॅटफॉर्म काढून घेतल्यावर ते चारही चतकोरांत सारखेच फिरले. ओकीफ यांना १९७१ मध्येच उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी आल्यावरच पेटणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. त्यांच्या २०१४ च्या नोबेलचं मूळ तिथे आहे.

मुलांना मी याच्याआधीची गोष्टही सांगते, कारण तिच्यावाचून टाकीची किंमत कळत नाही. अमेरिकेत कार्ल लॅशली यांनी उंदरांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण ठिकठिकाणी कापून, आठवण नक्की कुठे ठेवलेली असते हे शोधण्यात उभी कारकीर्द घालवली. त्यांना दिसलं ते असं की कुठे कापलं यापेक्षा किती कापलं यावर नुकसान ठरतं. १९५० साली त्यांनी वैतागून लिहिलं की हा सगळा पुरावा पाहता शिकणं ही गोष्ट शक्यच नसावी असं कधी कधी वाटतं. गोम त्यांच्या चक्रव्यूहात होती. बोळांच्या चक्रव्यूहात उंदीर वासाने जाऊ शकतो, मिशा घासत जाऊ शकतो, वळणं मोजत जाऊ शकतो. एक वाट बंद केली की तो दुसरीने जातो. पाण्यावर मात्र वासाची वाट उरत नाही, आणि दर वेळी वेगळ्या काठावरून सोडलं की वळणंही कामाला येत नाहीत. म्हणजे तुम्ही विकत घेता ती टाकी नसतेच, उंदराच्या बाकीच्या पळवाटा बुजवण्याची सोय असते. हे डोक्यात ठेवून कोटेशन वाचा.

आता तक्रारी.

पहिली चाकांची. ३५ सेंमी पाणी भरलं की टाकीत साधारण ८९० लिटर पाणी असतं, म्हणजे जवळजवळ ९०० किलो. त्याखाली चाकं कशासाठी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात दोन चाकं फरशीत रुतली आणि टाकी एका अंगाला कलली. पाण्याची पातळी एका काठाला दोन सेंमी जास्त. प्लॅटफॉर्म कुठल्या चतकोरात ठेवला यावर तो बुडालेला की वर आलेला हे ठरायला लागलं. शेवटी शिपाईमामांनी चाकं काढून खाली विटा लावल्या आणि गवंड्याची लेव्हल नळी आणून पाणसळ केली. पहिल्या मजल्यावर बसवणार असाल तर आधी स्लॅबचं कुणाला तरी विचारा.

दुसरी रंगाची, आणि यात निम्मी चूक आमची. "टाकी कुठल्या रंगात हवी?" असं कंपनीने विचारलं होतं. खरेदी समितीने एकमताने पांढरी सांगितली, स्वच्छ दिसते म्हणून. आमचे उंदीर विस्टार जातीचे, पांढरेफटक. मॅन्युअल म्हणतं पाण्यात दुधाची पावडर घाला, म्हणजे प्लॅटफॉर्म दिसणार नाही. मॉरिस यांनीही दूधच घातलं होतं, पण त्यांचे उंदीर डोक्याकडून काळे होते आणि स्कॉटलंडच्या हवेत दूध टिकत असावं. आमच्याकडे पांढऱ्या टाकीत, पांढऱ्या दुधात, पांढरा उंदीर. कॅमेऱ्याला काय दिसणार, कपाळ? ओळखीसाठी पाठीवर पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या खुणा करतो त्याही त्याला पुरेनात. एका मुलाने मार्करने उंदराचं डोकं काळं केलं, ते दोन फेऱ्यांत धुऊन गेलं. दूध दुसऱ्या दिवशी दुपारी आंबलं. मुंग्या आल्या. उंदीर प्लॅटफॉर्मवर बसून मिशा चाटत होते ते वेगळंच.

उपाय स्वस्त निघाला. गावातल्या पेंटरला बोलावून टाकी आतून काळ्या इपॉक्सीने रंगवून घेतली, प्लॅटफॉर्मही काळा केला, पाण्यात थोडा बिनविषारी काळा पोस्टर कलर. चार हजारांत काम. काळ्यावर पांढरा उंदीर कॅमेऱ्याला लख्ख दिसतो. विक्रेत्याने रंग विचारताना "उंदीर कुठला?" एवढे दोनच शब्द जास्त विचारले असते तर आमचं एक सत्र वाचलं असतं.

प्लॅटफॉर्मचीही एक गंमत. ॲक्रिलिक बुडतं, पण खालची नळी पोकळ आणि दोन्हीकडून बंद, त्यामुळे पहिल्या दिवशी प्लॅटफॉर्म टाकीभर तरंगत फिरला आणि उंदीर एका जागी शांत. नळीत वाळू भरली. वरचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की उंदीर चढून घसरायचे. चढूनही घसरलेला उंदीर दुसऱ्यांदा प्रयत्न करतोच असं नाही. त्यावर जाळीचा तुकडा चिकटवला.

पाण्याचं तापमान हा लातूरकरांचा खास विषय. २२ ते २६ अंश हवं. थंड झालं तर उंदीर गारठतो आणि हातपाय मारणं मंदावतं, कोमट झालं तर त्याला बाहेर पडायची घाईच राहत नाही, निवांत तरंगतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात घालवत नाही इतकं तापतं. मग बर्फाच्या लाद्या. डिसेंबरात सकाळी उलटं, बादल्यांमध्ये रॉड लावून पाणी तापवायचं आणि मग टाकीत ओतायचं. रॉड थेट टाकीत घालू नका, आणि कुणी घालेल अशी जागाही ठेवू नका. थर्मामीटर मात्र चांगला आहे, चार वर्षांत बिघडलेला नाही. कौतुक करायला मिळतं तिथे करून घेते.

पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, कारण उंदीर घाबरला की लेंड्या टाकतो. त्या काढायला किटमध्ये काही नाही. मी घरची चहाची गाळणी आणली आणि ती अर्थातच परत घरी गेली नाही. पुसायला सोलापुरी टॉवेल, प्रत्येक पिंजऱ्याला वेगळा. आणि हो, पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्या वर्षी "उंदरांना पोहायला ९०० लिटर हवेत" म्हणाले असते तर लोकांनी मलाच टाकीत बुडवलं असतं. आजही एप्रिल-मेमध्ये आम्ही प्रयोग लावत नाही. पोस्टर कलर घालायच्या आधीच्या सरावाचं पाणी संडासांना वापरतो.

सॉफ्टवेअर. दोन लाखांचं आहे म्हणून मनाला समजावते, पण पहिलं वर्ष आम्ही स्टॉपवॉच आणि कागदावर काढलं, कारण डोंगल एका संगणकावर चालायचं, दुसऱ्यावर नाही, आणि कस्टमर केअरवाले "रीस्टार्ट करून बघा मॅडम" याच्या पुढे गेले नाहीत. चालू झाल्यावर कळलं की ते पाण्यातल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबालाही उंदीर समजतं. उंदीर सेकंदाला साधारण २० ते ३० सेंमी पोहतो. आमच्या एकाला सॉफ्टवेअरने सेकंदाला अडीच मीटर दाखवलं. मी त्या उंदराकडे आदराने पाहिलं. मग ट्यूब बंद करून चार कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड केलेले दिवे लावले आणि पंखा बंद केला. तेव्हापासून बरं चालतं.

आणि चालतं तेव्हा ते हवंच. नुसते सेकंद मोजून काही कळत नाही. मेंदूला इजा झालेला उंदीर उशिरा पोचला, तर तो विसरला म्हणून की त्याचे पाय मंदावले म्हणून? पोहण्याचा वेग आणि कापलेलं अंतर वेगवेगळं दिसलं तरच यातला फरक करता येतो. पैसे नसतील तर हेच काम फुकटात करणारी साधनंही आता आहेत. २०१८ मध्ये आलेलं डीपलॅबकट खुलं आहे, फक्त बऱ्यापैकी संगणक आणि शिकायची तयारी असलेलं एखादं पोरगं लागतं. मी आज घेतलं तर फक्त टाकी घेईन.

खोलीबद्दल मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे: भोवती ठळक खुणा ठेवा. एवढंच. वास्तविक निम्मं उपकरण म्हणजे ती खोली. आम्हाला हे खंडेनवमीला कळलं. आदल्या दिवशी मामांनी उपकरणांच्या पूजेसाठी लॅब धुऊन काढली, लोखंडी कपाट हलवलं, तक्ता उतरवला आणि परत ठेवताना दोन्ही शेजारच्या भिंतीला गेले. टाकीला झेंडूचं तोरण, समोर नारळ. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही चाचणी लावली, तर धडधाकट गटातले उंदीर ठामपणे चुकीच्या चतकोरात जाऊन शोधायला लागले. कपाट जिकडे सरकलं तिकडे त्यांचा प्लॅटफॉर्मही सरकला होता. इजा झालेल्या गटाला काही फरक पडला नाही, ते आधीही भरकटत होते, आताही भरकटले. त्या दिवशीच्या आकड्यांत दोन्ही गट सारखेच नापास दिसतात. ज्यांना आठवत होतं ते, आठवत होतं म्हणूनच चुकले होते. आता फरशीवर ऑइलपेंटने खुणा आहेत: कपाट इथे, स्टूल इथे, मॅडम इथे. हो, माणूससुद्धा एक खूण असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला मोबाइलवर बोलत टाकीभोवती फेऱ्या मारायची सवय होती.

आता झेंड्याकडे येते.

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने उंदराच्या मानेतल्या दोन्ही मोठ्या धमन्या बांधायचं मॉडेल घेतलं होतं. माणसात असं केलं तर बहुधा अनर्थ होईल. उंदरात मागून येणाऱ्या धमन्या मेंदूला जगण्यापुरतं रक्त पुरवत राहतात. रक्त कमी पडल्याने काही आठवड्यांत हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी हळूहळू मरतात. वृद्धांच्या मेंदूला रक्त कमी पडून येणाऱ्या विसराळूपणाची ही नक्कल. तिने ते उंदीर टाकीत सोडले, पाच दिवस, आणि सगळे साठ-साठ सेकंद, म्हणजे वेळ संपेपर्यंत, फिरतच राहिले. आलेख आडवा. ती आनंदाने धावत आली, "मॅडम, पूर्ण विसरलेत!" आता फक्त औषध देऊन सुधारणा दाखवायची बाकी.

मी म्हटलं, झेंडा लावलास का?

तिला वाटलं तो खेळणं आहे. मॅन्युअलमध्ये त्यावर दोन ओळी आहेत, शेवटच्या पानावर, वॉरंटीच्या वर. प्लॅटफॉर्म पाण्याच्या दोन सेंमी वर उचलायचा, त्यावर झेंडा खोचायचा आणि उंदीर सोडायचा. आता काही लक्षात ठेवायचं नाही, दिसतंय तिकडे पोहायचं. हिप्पोकॅम्पस नसलेला उंदीरही हे करतो. मॉरिस यांच्या १९८२ च्या प्रयोगात करत होता, आणि तो प्रयोग पटण्याजोगा झाला तो त्यामुळेच.

तिचे निम्म्याहून जास्त उंदीर झेंड्याला जवळजवळ मिशी घासून पुढे निघून गेले. एक तर प्लॅटफॉर्मला धडकला, दचकला, वळला आणि परत काठाकाठाने. आम्ही त्यांना बाहेर काढून, पुसून, डोळ्यांवर टॉर्च मारला. बाहुली आकसेना. त्याच धमन्यांतून डोळ्यांनाही रक्त जातं, पडदा आणि डोळ्याची नस दोन्ही सुकतात. या मॉडेलमध्ये हे होतं हे लेखांतही नोंदलेलं आहे, फक्त आम्ही मुलांना वाचायला देतो त्या उताऱ्यांत नसतं. उंदीर विसरले नव्हते. त्यांना दिसत नव्हतं.

ती रडली. तीन महिने गेले होते. मीही त्या रात्री जुने प्रबंध काढून बसले, आमच्याच कॉलेजातले, माझ्याच सहीचे, आणि किती जणांनी झेंडा लावला होता ते मोजलं. आकडा इथे लिहीत नाही. तिने पुन्हा उंदीर घेतले, डोळे शाबूत असलेलेच आकड्यांत धरले, आणि प्रबंधात आधीचा घोळ एक पूर्ण प्रकरण करून लिहिला. बाहेरच्या परीक्षकांनी तेवढंच प्रकरण नीट वाचलं.

झेंड्याचा दुसरा प्रसंग मात्र मी कुणालाही दाखवायला तयार आहे. एकदाच, दुसऱ्या संस्थेच्या मदतीने, आम्ही हिप्पोकॅम्पसमध्ये सुईने आयबोटेनिक ॲसिड सोडलेले उंदीर वापरले. हे रसायन पेशी मारतं, तिथून नुसत्या जाणाऱ्या तंतूंना बहुतांशी सोडतं, म्हणून नुकसान नेमकं होतं. उंदराचा सगळा मेंदू दोन ग्रॅमचा. त्यातला हा समुद्री घोड्याच्या आकाराचा वळसा. झेंडा लावला की आठ सेकंदांत प्लॅटफॉर्मवर. झेंडा काढला, प्लॅटफॉर्म त्याच जागी पाण्याखाली, की तोच उंदीर पुन्हा हरवलेला. दहा मिनिटांपूर्वी जिथे बसून मिशा पुसल्या ती जागा त्याच्या लेखी नाहीच.

पण नीट बघितलं तर त्याने काहीतरी शिकलेलं असतं. पहिल्या दिवशी सगळेच उंदीर भिंत धरून पोहतात. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत हे इजा झालेले उंदीरही भिंत सोडतात आणि प्लॅटफॉर्म भिंतीपासून जेवढ्या अंतरावर असतो साधारण तेवढ्याच अंतरावरून गोल चक्कर मारायला लागतात. कधी ना कधी धडकतील अशा बेताने. कुठे ते त्यांना कळत नाही, कसं ते कळलेलं असतं. माणसातही हेच दिसलं होतं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग फिट येत म्हणून काढला गेला. नवीन काही त्यांच्या लक्षात राहीना, पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर हात दिवसागणिक सुधारत गेला. आणि आपण हे आधी केलंय याचा त्यांना पत्ता नसे. वर्गात हे मी वीस वर्षं सांगत आले. टाकीत पाहिलं तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

कुठे इजा झाली यालाही महत्त्व आहे बरं का, लॅशलींना काहीही दिसलं असो. ओस्लोत मोझर दांपत्याने १९९३ मध्ये हिप्पोकॅम्पसचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगवेगळा काढून पाहिला. वरचा जितका गेला तितका उंदीर टाकीत जास्त हरवला, खालचा गेला तर जवळजवळ फरक नाही. म्हणून सुई दोन मिलिमीटर खाली गेली की तुमचा प्रयोग वेगळाच झालेला असतो, आणि ते टाकी सांगत नाही. शेवटी मेंदूचे काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघावंच लागतं. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरताना मात्र आधीच धरावा लागतो. समितीतल्या पशुवैद्यांनी एकदा विचारलं होतं, "सापडलं नाही तर उंदीर बुडतो का?" नाही बुडत. वेळ संपली की हाताने प्लॅटफॉर्मवर नेऊन ठेवायचं, पंधरा-वीस सेकंद बसू द्यायचं, पुसायचं, दिव्याखाली ठेवायचं. हे जो मुलगा घाईत करतो त्याला मी पुन्हा टाकी देत नाही.

आणखी एक, कारण निम्मे फोन याच्यासाठीच असतात. "आमच्याकडे ब्राह्मी आणि स्कोपोलामाइन आहे, चालेल ना?" टाकीत चालेल. पण स्कोपोलामाइन हे तात्पुरता विसर पाडणारं औषध, त्याने मेंदूला इजा होत नाही. ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप काही तास अडतो, दुसऱ्या दिवशी उंदीर ठणठणीत. ते औषध तपासायचं सोपं साधन आहे, इजेचं मॉडेल नाही, आणि प्रबंधाच्या शीर्षकात तसं लिहू नका. ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) वर्षानुवर्षं गंभीर काम झालेलं आहे, तिच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. फक्त एका सुदृढ उंदराला तासभर गुंगवून मग ब्राह्मी दिल्यावर तो लवकर पोचला, एवढ्यावर माझ्या आत्याचा फोन येतो, "तुमच्या दादांना हल्ली आठवत नाही गं, तुझ्या उंदरांना काय देतेस ते पाठव ना." आत्याला काय सांगायचं? मी सांगितलं, आधी दादांचे डोळे तपासून घ्या. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

पर्यायांबद्दल पटकन. पाणी नसेल तर बार्न्सचं गोल टेबल घ्या, काठाला भोकं, एकाखाली लपायची पेटी. कॅरोल बार्न्स यांनी १९७९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांसाठी केलं, आपल्याकडचा सुतार आठवड्यात करून देतो. आठ हातांचा चक्रव्यूह चांगला, पण उंदीर उपाशी ठेवावे लागतात आणि महिना जातो. बारक्या उंदरांना, म्हणजे माइसना, ही टाकी मोठी पडते आणि त्यातले काही पोहायचं सोडून ओंडक्यासारखे तरंगत राहतात. त्यांच्यासाठी घेऊ नका.

माझे गुण: टाकीला पाचपैकी चार, सॉफ्टवेअरला दोन, मॅन्युअलला एक, झेंड्याला पाच. झेंडा मागच्या वर्षी हरवला. कंपनीला सुटा मागितला तर पूर्ण ॲक्सेसरी किटचं कोटेशन आलं. आता १५ ऑगस्टला पोरं शर्टाला लावतात तसला कागदी झेंडा आणून, तिरंगा नको म्हणून वरून काळा-पांढरा कागद चिकटवून वापरतो. उंदरांची तक्रार नाही.

आणि घेणारच असाल तर ऑर्डरमध्ये ड्रेनचा व्हॉल्व्ह दीड इंची लिहा, ठळक. आमचा पाऊण इंची आहे. ९०० लिटर रिकामे व्हायला तासाच्या वर लागतो. मामा तेवढ्यात दोनदा चहा पिऊन येतात आणि परत येऊन विचारतात, "मॅडम, अजून?"